वाचलो, पण बोललो नाही

तर झालं असं की, मागे एकदा रात्री साडेअकराला मी डेटा डिलीट करायची एक स्क्रिप्ट चालवायला बसलो होतो. स्क्रीनवर दोन विंडो, दोन्ही काळ्या. एक टेस्ट सर्व्हरची, दुसरी प्रॉडक्शनची. एन्टर दाबणार तेवढ्यात सहज वर नजर गेली आणि घाम फुटला. विंडो चुकीची होती! गपचूप बंद केली, पाणी प्यायलो, घरी गेलो. दुसऱ्या दिवशी माझ्यापुरती प्रॉडक्शनची विंडो लाल करून टाकली. दोन मिनिटांचं काम. कोणाला काही बोललो नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं ना?

तीन आठवड्यांनी शेजारच्या डेस्कवरच्या मित्राने नेमकं तेच केलं, आणि एन्टर दाबलं. बॅकअप होता म्हणून निभावलं. पण त्याने दोन रात्री जागून काढल्या, वर सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. मी तेव्हाही गप्पच.

तेव्हापासून मला विमानांच्या इतिहासातली एक गोष्ट सारखी आठवतेय.

१ डिसेंबर १९७४. टीडब्ल्यूए कंपनीचं फ्लाइट ५१४, बोइंग ७२७ जातीचं विमान, वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येत होतं. हवा खराब. कंट्रोलरने 'अप्रोचसाठी क्लिअर' असं कळवलं. वैमानिकांना वाटलं, आता १,८०० फुटांपर्यंत खाली यायला हरकत नाही. कंट्रोलरला वाटलं, डोंगर ओलांडेपर्यंत पुरेशी उंची वैमानिक स्वतःच राखतील. विमान व्हर्जिनियातल्या माउंट वेदर डोंगरावर आदळलं. आतले सगळे, ९२ जण, गेले.

चौकशीत जे बाहेर आलं ते जास्त अस्वस्थ करणारं होतं. सहाच आठवडे आधी युनायटेडच्या एका विमानाची तिथेच तीच गफलत झाली होती, डोंगर थोडक्यात चुकला होता. त्या वैमानिकांनी ते आपल्या कंपनीला सांगितलंही. कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. पण टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ते पोचलंच नाही. म्हणजे माझी लाल विंडोच की!

मग १९७५ मध्ये एफएए, म्हणजे तिथल्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने जाहीर केलं की चुका कळवा, शिक्षा करणार नाही. पण लायसन्स त्याच खात्याच्या हातात! फौजदारासमोर आपणहून कबुली द्यायला कोण जाईल? म्हणून १९७६ मध्ये हे काम 'नासा'कडे दिलं. नासाला ना दंड करायचा अधिकार, ना लायसन्स काढून घ्यायचा. आलेल्या रिपोर्टवरचं नाव काढून टाकायचं आणि कळवणाऱ्याला तारखेची पोच परत पाठवायची. दहा दिवसांत कळवलं असेल, चूक मुद्दाम केलेली नसेल, गुन्हा किंवा अपघात नसेल, तर नियमभंग सिद्ध झाला तरी सहसा शिक्षा माफ.

मला ही पोच फार आवडते. शाल नाही, श्रीफळ नाही, फोटो नाही. पण 'तू सांगितलंस हे बरं केलंस' याचा लेखी पुरावा. आजवर असे वीस लाखांहून जास्त रिपोर्ट आले आहेत. त्यातले निवडक किस्से १९७९ पासून 'कॉलबॅक' नावाच्या मासिक पत्रातून सगळ्यांना वाचायला मिळतात, म्हणजे एकाची घाबरगुंडी दुसऱ्याच्या कामी येते.

आता आपल्याकडे बघा. रात्रभर जागून आग विझवणाऱ्याला महिन्याचं बक्षीस, टाळ्या, केक. 'माझ्या हातून आग लागता लागता राहिली' असं सांगणाऱ्याला काय? आणि चुका शून्य दाखवणाऱ्या टीमला ट्रॉफी दिली, की लोक चुका थांबवत नाहीत, दाखवायचं थांबवतात.

असो. सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये मी त्या रात्रीची गोष्ट सांगणार आहे. त्याआधी मित्राला एकट्याला गाठून. विंडो लाल कशी करायची तेही दाखवीन.