मिशन रविवार

जगभरच्या धर्मप्रसारकार्यासाठी प्रार्थना व निधिसंकलन करण्याचा कॅथलिक चर्चचा वार्षिक दिवस. ऑक्टोबरमधील शेवटून दुसरा रविवार. पोलीन जारिको हिने फ्रान्समधील ल्याँ येथे कामगारांच्या गटांकडून आठवड्याला एक स्यू (फ्रेंच नाणे) अशी वर्गणी जमवली; अशा गटांतून १८२२ मध्ये श्रद्धाप्रसार संस्था उभी राहिली. १९२२ मध्ये ती पोपच्या अखत्यारीत रोमला आली. पोप अकराव्या पायस यांनी १९२६ मध्ये हा दिवस मुक्रर केला. सांताक्रूझचे सेक्रेड हार्ट, वाकोल्याचे सेंट अँथनी ही चर्चे ज्यात येतात त्या मुंबई महाधर्मप्रांतातही (पहा : मुंबई महाधर्मप्रांत) तो पाळतात. मिस्सातील (उपासनाविधीतील) त्या दिवशीचे दान पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) खर्चासाठी नसून मिशननिधीसाठी असते. निधीतून गरजू धर्मप्रांतांना चर्चबांधणी, धर्मशिक्षक यांसाठी साहाय्य मिळते. १८१३ मध्ये मुंबईतले अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनकार्य अमेरिकन देणग्यांवर सुरू झाले होते (पहा : अमेरिकन मराठी मिशन); मिशन रविवारी मात्र येथे उपनगरातील पॅरिश स्वतः देणगीदार आहे, ही बाब विशेष महत्त्वाची.