देहूच्या घरातला दुष्काळ

परवा गटाच्या बैठकीत एका ताईंनी सांगितलं, सोयाबीन पावसात गेलं, हप्ता जमणार नाही. लगेच कुणीतरी म्हणालं, "हातीपायी धड आहेस ना, देवाचे उपकार मान!" ताई गप्प झाल्या. मला तुकोबा आठवले.

१६३० च्या सुमारास दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. देहूला तुकोबांचं घर वाण्याचं, सावकारीचं. दिवाळं निघालं, गुरंढोरं गेली, थोरली बायको अन्न अन्न करत मेली. हे त्यांनीच अभंगांत सांगितलंय. आणि या संकटांनी आपल्याला विठ्ठलाकडे वळवलं म्हणून, झालं ते बरंच झालं, असंही म्हटलंय. केवढी ही छाती!

पण ही निवड त्यांची स्वतःची होती. कर्जखतं इंद्रायणीत बुडवायची ठरली, तेव्हा धाकट्या कान्होबाच्या वाट्याची अर्धी खतं त्यांनी आधी त्याला दिली, बुडवली ती फक्त आपली, असं परंपरा सांगते. गटाची वही लिहिणाऱ्या बाईला यातलं मोठेपण लगेच कळेल.

दुसरी बायको जिजाई. तिला कीर्तनात भांडखोरच ठरवतात. पदरात लेकरं, घरात दाणा नाही; तिने विठोबाला बोल लावला तर नवल काय? तीच भाकरी घेऊन नवऱ्यामागे भंडाऱ्याचा डोंगर चढायची, हेही सांगतात ना!

बैठकीत मी तो विषय तिथेच थांबवला. चहा झाला. ताईंचा हप्ता सगळ्यांच्या संमतीने पुढच्या महिन्यावर नेला.