नांगर, मासिक आणि इन्स्टाग्राम

पनवेलमध्ये आजकाल कुणीही घरगुती धंदा सुरू केला की पहिला प्रश्न ठरलेला. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब की नुसतं व्हॉट्सअ‍ॅप? वर, "तू कॉम्प्युटरवाला ना, मग सांग की!" आता मी कोड लिहितो, जाहिराती नाही; पण हा फरक कुणाला पटत नाही. असो. प्रश्न मात्र बराच जुना आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचंच बघा. १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलेला हा माणूस पुढे लोखंडी नांगर बनवायला लागला. गिऱ्हाईक कोण, तर शेतकरी. बहुतेकांना वाचता येत नव्हतं, आणि लोखंडानं जमीन नासते ही समजूत पक्की. पहिले नांगर खपायलाच जवळजवळ दोन वर्षं गेली. अशा गिऱ्हाइकापुढे छापील जाहिरात काय कामाची? त्याला नांगर शेतात चालताना दिसायला हवा.

१९१० साली किर्लोस्करवाडी वसली, धंदा वाढला. गिऱ्हाइकं आणि एजंट गावोगाव पसरले. मग १९२० साली कारखान्यानं स्वतःचंच मासिक काढलं, 'किर्लोस्कर खबर'. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर. सुरुवात कारखान्याच्या मालाच्या माहितीनं झाली, पण हळूहळू त्यात इतकं वाचनीय साहित्य यायला लागलं की ते घरोघरचं मासिक झालं. पुढे १९३० साली बायकांसाठी 'स्त्री' आणि १९३४ साली तरुणांसाठी 'मनोहर'. वाचक वेगळा, तर मासिकही वेगळं!

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे मालकी. मासिकाच्या वर्गणीदारांचे पत्ते मासिकाकडेच असतात. आपलं काय? ऑर्कुट २०१४ साली बंद झालं. टिकटॉकवर २०२० च्या जूनमध्ये भारतात बंदी आली, आणि तिथे लाखो फॉलोअर्स जमवलेल्यांना एका रात्रीत सगळं शून्यापासून सुरू करावं लागलं. भाड्याच्या जागेत दुकान जरूर थाटावं, पण गिऱ्हाइकांची वही आपल्या घरात असावी.

तेव्हा नवीन पनवेलमध्ये डबे पुरवत असाल तर आसपासच्या सोसायट्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुष्कळ झाले. पुण्यातल्या माणसानं तुमचं रील पाहिलं म्हणून तो काही डबा लावणार नाही. दागिने बनवून कुरिअरनं पाठवत असाल तर इन्स्टाग्राम. तळोजा एमआयडीसीतल्या कारखान्यांना सुटे भाग विकत असाल तर गुगल मॅपवर नीट पत्ता आणि लिंक्डइन. चारही ठिकाणी अर्धवट हजेरी लावण्यात पैसे आणि रात्रीची झोप दोन्ही जातात.

आधी दहा गिऱ्हाइकांना फोन करा आणि विचारा, "आमच्याबद्दल तुम्हाला कुठून कळलं?" प्लॅटफॉर्मचं त्यानंतर बघू.