लग्नाचा कागद : हिंदू कोड बिलापासून आजपर्यंत

बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे आपल्या वस्तीतल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. राजीनाम्याची कारणे अनेक, त्यात हिंदू कोड बिल मोठे. पण त्या बिलात होतं काय, असं विचारलं की आपण बहुतेकजण गप्प होतो. एकपत्नीत्व, घटस्फोटाचा हक्क, बाईच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी आणि मुलीला वाटा. आधीच्या मसुद्यात मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा होता, तो मुलाइतका करण्यात आला. सनातन्यांनी आरडाओरडा केला तो उगीच नव्हे!

बिल पुढे तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाले. विवाह कायदा १९५५ चा, वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू. आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरची धम्मदीक्षा. म्हणजे आपण बौद्ध झालो तेव्हा हे दोन्ही कायदे आधीच उभे होते, आणि दोन्हींच्या कलम २ मध्ये बौद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे. कायद्याच्या नावात 'हिंदू' आहे म्हणून काही मंडळी नाक मुरडतात. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी जुनी आहे, आमच्या मते ती रास्तही आहे. पण तोवर आपल्या लेकीबाळींचा हक्क याच कागदावर उभा आहे, हे विसरून चालणार नाही.

कलम ७ म्हणते, दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधीने लग्न लागले पाहिजे. नोंदणी केली नाही म्हणून लग्न रद्द होत नाही. उलट, विधी न करता नुसतं सर्टिफिकेट काढलं तर या कायद्याखाली ते लग्नच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले. तेव्हा त्रिशरण-पंचशीलही हवे आणि नोंदही हवी. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९५३ पासून होता, त्याच्या जागी १९९८ चा आला. त्यात लग्न लावणाऱ्या भंतेजींची किंवा बौद्धाचार्यांची सही लागते, तीन साक्षीदारही लागतात. मंडप उतरायच्या आतच फॉर्म भरून घ्यावा. नवरा गेल्यावर पेन्शनसाठी खेटे घालणाऱ्या बाया आपण पाहिल्यात. साहेब पहिला कागद मागतो तो लग्नाचाच.

आता पैशाचं. नोकरीला लागताना पोरगा प्रॉव्हिडंट फंडाला आईचं नाव लावतो. लग्न झालं की ते नॉमिनेशन आपोआप बाद होते, नवीन भरावे लागते. कितीजण भरतात? बँकेतला नॉमिनीसुद्धा मालक नसतो. तो पैसे उचलतो, मालकी वारसांची.

लग्नात वधूला आलेल्या भेटवस्तूंची यादी करून तिच्यावर सह्या घ्याव्यात, असा नियम १९८५ पासून आहे. भांडीकुंडी, दागिने, कपाट सारे लिहावे. यादी करताना व्याही रागावतात म्हणून कोणी करत नाही. मग भांडण झालं की तीच भांडी कोर्टात मोजावी लागतात.

माहेरच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, पण आधीच लग्न झालेल्या लेकी वगळल्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद गेला.

एक गोष्ट मात्र आम्हाला आजही खटकते. कमावती बाई मृत्युपत्र न करता वारली आणि तिला ना नवरा ना मूल, तर तिच्या स्वकमाईचा पैसा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातो, आईबापांचा नंबर त्यांच्यानंतर. शिकवलं कोणी, आणि पैसा गेला कुणाकडे! कलम १५ तसेच आहे. त्यावर उपाय मृत्युपत्राचा, आणि तो नव्या जोडप्याने पहिल्याच वर्षी करावा. त्याला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि त्या दोघांच्याही सह्या घ्याव्यात.