स्वदेशी
मुंबईतील बहुभाषिक हिप हॉप समूह. २०१३ मध्ये स्थापन. एमसी मवाली (अकलेश सुतार), अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, महार्या आणि एमसी तोडफोड (धर्मेश परमार) हे त्याचे प्रमुख रॅपर. मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषांतील शब्दरचना, जड बेस असलेले इलेक्ट्रॉनिक संगीत आणि लोकसंगीत यांचा मेळ हे समूहाचे वैशिष्ट्य. जमीन, जंगल, जात आणि सत्तेची जबाबदारी हे त्याचे मुख्य विषय. ‘द वारली रिव्होल्ट’ (२०१९) या गाण्यात आरे जंगलातील आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांचा सहभाग असून त्यातून आदिवासींचा जमिनीवरील हक्क ठामपणे मांडला आहे. गुजरातीतून रॅप करणाऱ्या तोडफोडचे २० मार्च २०२२ रोजी, वयाच्या २४ व्या वर्षी निधन झाले. महाराष्ट्रातील प्रतिकाराच्या हिप हॉपमध्ये या समूहाचे स्थान अग्रभागी आहे.