आतड्यातील संप्रेरके : कसाईखान्यापासून जंतूपर्यंत

गांधीबागेत औषधांच्या पेट्या पाठीवर वाहणाऱ्या हमाल बंधूंना बाटलीतले द्रव्य कोठून आले हे कोणी सांगत नाही. म्हणून आतड्यातील संप्रेरकांचा इतिहास आम्ही आपणांपुढे ठेवीत आहो.

पचनाचे हुकूम मज्जातंतूंमार्फतच सुटतात, असे पूर्वी मानीत. रशियाचे पाव्हलॉव्ह या मताचे मोठे आधारस्तंभ. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस व स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडले व आत आम्ल घातले. तार तुटली, तरी निरोप पोहोचला; स्वादुपिंडातून रस पाझरू लागला. मग आतड्याचे अस्तर खरवडून आम्लात वाटले व त्याचा अर्क रक्तात सोडला. रस पुन्हा वाहिला! निरोप्या रक्तातून जात होता. त्याला त्यांनी ‘सिक्रेटिन’ म्हटले. १९०५ मध्ये स्टार्लिंगने अशा निरोप्यांना ‘हॉर्मोन’ हे नाव दिले. आपण त्यांस संप्रेरके म्हणतो.

शुद्ध सिक्रेटिन मिळावयास मात्र सुमारे साठ वर्षे लागली. स्टॉकहोममध्ये योर्पेस व मुट यांनी ते डुकरांच्या आतड्यांच्या ढिगांतून काढले. त्या विद्येची पहिली पायरी कसाईखान्यातल्या कामगारांच्या हातांनी घडली. त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत.

१९७३ साली मेंढ्यांच्या मेंदूंतून सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक मिळाले. कणभर द्रव्यासाठी लाखो मेंढ्यांचे मेंदू लागले. पुढे तेच जठरात व आतड्यातही सापडले. इतर संप्रेरकांना लगाम घालणे हे त्याचे काम. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात इटाकुरा, बॉयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे जनुक रसायनशाळेत जुळविले आणि ई. कोलाय या आतड्यातच राहणाऱ्या जंतूत घातले. जंतू ते द्रव्य घडवू लागला! मानवी संप्रेरक जंतूकडून करवून घेण्याचा हा पहिला प्रसंग. अशी द्रव्ये जंतूकडूनही मिळू शकतात, हे त्यातून दिसले.

ही विद्या महाराष्ट्रातही आली. स्वादुपिंडाचे संप्रेरक जे इन्सुलिन, ते वोखार्ट कंपनीने याच रीतीने तयार करून २००३ मध्ये बाजारात आणले.

जंतू मजुरी मागत नाही, संपही करीत नाही. मग त्याच्या श्रमाचा लाभ कोणास मिळावा? १९२३ साली इन्सुलिनचे पेटंट टोरांटो विद्यापीठास एकेका डॉलरच्या नाममात्र मोबदल्यात देण्यात आले होते. औषध रोग्याच्या हाती पडावे, हा त्यामागील हेतू. औषधाचा भाव ठरविणाऱ्यांस या व्यवहाराची आठवण करून देणे हे आपणा सर्वांचे काम आहे, आणि पेटी वाहणाऱ्याचाही त्यात हक्क आहे.