मक्ता कीं वतन? भोर-वेल्हें प्रांत आणि मद्यपरवान्याचें हस्तांतर

एखादें उपाहारगृह विकलें जातें तेव्हां घर, भांडीं, मेज-खुर्च्या, दुकानाची पाटी आणि गिऱ्हाइकांचा राबता हें सर्व खरेदीखतानें नव्या धन्याकडे जातें. त्या उपाहारगृहास मद्यविक्रीचा परवाना असला तर तोही त्याच खतानें जातो काय? हा प्रश्न वरवर पाहतां आजच्या कचेरीचा व वकिलाचा आहे, इतिहासाच्या अभ्यासकाचा नव्हे, असें कित्येकांस वाटेल. परंतु त्याच्या मुळाशीं जो भेद आहे तो आपल्या दप्तरांतील कागदांस पिढ्यान् पिढ्या परिचित आहे. सरकारांतून मिळालेला हक्क हें वतन आहे कीं मक्ता आहे, एवढाच तो भेद होय. हक्क वतन असेल तर धनी बदलल्यावर राज्यानें नोंद करावी व स्वस्थ बसावें. मक्ता असेल तर धनी बदलल्याबरोबर हक्क सरकारच्या हातीं परत येतो आणि तो पुनः द्यावा कीं न द्यावा हा विचार नव्यानें करणें प्राप्त होतें. भोर व वेल्हें या मावळी मुलखाचें उदाहरण पुढें ठेवून या भेदाचा मागोवा येथें घ्यावयाचा आहे.

प्रथम वतनाकडे पाहूं. वतनाचे कागद ज्या मुलखांत विपुल सांपडतात त्यांत हा प्रांत अग्रगण्य आहे. भोर मावळांत कारीचे जेधे, हिरडस मावळांत बांदल, गुंजण मावळांत शिळीमकर, कानद खोऱ्यांत मरळ अशीं देशमुख घराणीं येथें नांदलीं. त्यांचे महजर, निवाडपत्रें व करीने वाचणारास वतनाचीं लक्षणें वेगळीं सांगावयास नकोत. वतन वंशपरंपरेनें चालतें, भावांत विभागतें, गहाण पडतें, विकलेंही जातें. वतन म्हणजे घराण्याचा जीव. म्हणूनच अफजलखानाच्या स्वारीच्या वेळीं, १६५९ सालीं, कान्होजी जेध्यांनीं वतनावर पाणी सोडल्याची जी हकीकत जेधे करीन्यांत आली आहे तिचें मोल समकालीनांस एवढें वाटलें. जें हातचें घालविणें मरणप्राय, तेंच सोडल्यानें निष्ठा सिद्ध झाली.

तथापि वतनदेखील निव्वळ खाजगी मालमत्ता नव्हतें, हें येथें नमूद केलें पाहिजे. पाटीलकी वा तिचा हिस्सा विकावयाचा तर गोतास बसवून साक्षी-मोझ्यानें पत्र होई, आणि सरकारची मान्यता मिळून नजर भरली जाई तेव्हां तो व्यवहार पक्का समजला जाई. धनी बदलण्याचा क्षण हा राज्यानें हक्काकडे पुनः पाहण्याचा क्षण होय, ही कल्पना वतनाच्याही व्यवहारांत होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें असलेल्या आज्ञापत्रांत वतनदारांविषयीं जी सावधगिरी सांगितली आहे तिचा आशय हाच: दिलेला हक्क मुरत गेला म्हणजे तो देणारालाच विसरतो, यास्तव नवीं वतनें देतांना राजानें हात आखडावा.

मक्त्याची जात निराळी. मक्ता मुदतीचा असतो. तो घेणाराकडून कबुलायत लिहून घेत, जामीन घेत, आणि मुदत सरली कीं हिशेब पुरा होई. मक्तेदाराच्या मुलास मक्ता आपोआप मिळत नसे, कारण सरकारनें ज्याच्याशीं करार केला त्याची पत, त्याचा जामीन व त्याचें वर्तन पाहून तो केलेला असे. परवाना या फारसी शब्दाचा मूळ अर्थही आज्ञापत्र असाच आहे. आज्ञा विशिष्ट मनुष्यास होते; त्यानें ती बाजारांत विकावी ही कल्पना त्या शब्दास सोसणारी नाहीं.

मद्याचा व्यवहार आपल्या देशांत प्रायः या दुसऱ्या वर्गांतच गणला गेला. १९०९ सालीं शामशास्त्र्यांनीं म्हैसूर येथें प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत सुराध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारी आहे. नेमून दिलेल्या ठिकाणांवांचून अन्यत्र मद्य करणारास, विकत घेणारास व विकणारास सारखाच ६०० पण दंड तेथें सांगितला आहे. पानागारांत अनेक दालनें असावींत, निजावयाच्या व बसावयाच्या जागा वेगळ्या असाव्यात, गंध, माल्य व उदक यांची सोय असावी, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांवर गुप्त नजरही असावी, असें वर्णन वाचतांना आजच्या परवाना कक्षाचीच आठवण होते. उत्सव, समाज व यात्रा या प्रसंगीं चार दिवसांची मोकळीक द्यावी, हाही नियम तेथेंच आहे. व्यवहार राज्याचा, सवलत मोजून दिलेली, हें त्या सर्व प्रकरणाचें सूत्र होय.

पेशवाईंतही सूत्र तेंच. सातारकर राजे व पेशवे यांच्या रोजनिशींवर न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं १९०० सालीं जें विवेचन केलें त्यांत दाखविलें आहे कीं, मद्य गाळणें व विकणें यांवर सामान्यतः मनाई होती. किनाऱ्यावरील पोर्तुगीजांकडून घेतलेल्या मुलखांत भंडारी वगैरे लोकांची अडचण पाहून ती सैल करण्यांत आली, आणि पदरच्या ख्रिस्ती लोकांस स्वतःच्या उपयोगापुरती सवलत मिळाली ती इतरांस विकूं नये या अटीवर. अपवाद माणूस पाहून, कारण पाहून व अट घालून केला जाई. तो हस्तांतराचा विषय नव्हता.

इंग्रजी अमलांत १८७८ चा मुंबई अबकारी कायदा झाला आणि या मुलखाच्या सभोंवार कलालांच्या दुकानांची व्यवस्था त्याखालीं आली. भोर मात्र त्या वेळीं पंतसचिवांचें संस्थान होतें. राजारामाच्या कारकीर्दींत शंकराजी नारायणांनीं ज्या घराण्याचा पाया घातला त्याचा अंमल विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ व सुधागड या पांच तालुक्यांवर होता. पुणें शहरांत १९०८ सालीं लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेनें दारूच्या दुकानांपुढें स्वयंसेवक उभे राहिले तेव्हां हा डोंगरी मुलूख संस्थानी हद्दींतच होता. ८ मार्च १९४८ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि पुढच्याच वर्षीं, १६ जून १९४९ पासून, मुंबई दारूबंदी अधिनियम अमलांत आला. म्हणजे भोर-वेल्ह्याच्या प्रजेस प्रांताची नवी राजवट व दारूबंदीचा कायदा ही जवळजवळ एकदमच लाभलीं. आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नांवानें ओळखला जाणारा कायदा तोच होय. बंदी हा नियम व परवाना हा अपवाद, ही त्याची रचना कायम आहे. मद्य पाजण्याचा परवाना दारूबंदीच्या कायद्याखालीं मिळतो याचें कित्येकांस हंसूं येतें. पण रोजनिशींतील मनाई-अपवादाची पद्धत ज्यानें पाहिली आहे त्यास त्यांत नवल वाटणार नाहीं.

न्यायालयांनींही हीच दिशा धरली. १९५१ सालीं बलसारा यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें या कायद्याचा मुख्य भाग वैध ठरविला. १९७५ सालीं हरशंकर यांच्या खटल्यांत असा निर्णय झाला कीं, मद्याचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कोणासही नाहीं. तो राज्याचा विशेषाधिकार असून मोबदला घेऊन राज्य तो कांहीं काळ दुसऱ्यास देऊं शकतें. दप्तरी भाषेंत सांगावयाचें तर परवाना मक्ता ठरला, वतन नव्हे.

आतां प्रत्यक्ष व्यवस्था पाहूं. उपाहारगृहांत विदेशी मद्य देण्याचा परवाना १९५३ च्या विदेशी मद्य नियमांखालीं मिळतो व त्यास एफ. एल. ३ म्हणतात. तो एप्रिलपासून मार्चपर्यंतच्या वर्षाचा असून त्याचें नूतनीकरण करावें लागतें. तो ठराविक नांवावर व ठराविक जागेवर असतो, आणि जागेचा नकाशा मंजूर झालेला असतो. धनी बदलावयाचा, भागीदार घ्यावयाचा वा भागीदारानें निघावयाचें, तर आधीं अर्ज व मंजुरी पाहिजे, आणि विशेषाधिकार शुल्क भरलें पाहिजे. हें शुल्क व जुनी नजर यांचें नातें वाचकांनींच ओळखावें. परवानाधारकाच्या वतीनें जे नोकर विक्री करणार त्यांच्या नांवांची जी मंजूर यादी ठेवावी लागते तिला कचेरींत अजूनही ‘नोकरनामा’ म्हणतात. राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या टंकलिखित कागदांत हा शब्द जसाच्या तसा टिकून राहावा, ही गोष्ट जुन्या कागदांच्या प्रेमिकांस सुखविणारी आहे.

या नोकरनाम्याचें महत्त्व केवळ शब्दापुरतें नाहीं. आपल्या इतिहासांत मुतालिकीची चाल प्रसिद्धच आहे. पद एकाच्या नांवें, शिक्का त्याचा, आणि कारभार दुसऱ्याचा. मुतालिक सरकारमान्य असे तोंवर त्यांत गैर कांहीं नव्हतें. परंतु परवाना एकाच्या नांवें ठेवून उपाहारगृह गुपचूप दुसऱ्यानें चालविणें ही सरकारास न कळविलेली मुतालिकी होय. विक्री झाली असूनही कागदोपत्रीं ती झालीच नाहीं असें दाखविलें जातें, आणि ज्या क्षणीं राज्यानें नव्या माणसाकडे पाहावयाचें तो क्षणच चुकविला जातो. अपघात घडला, अल्पवयी मुलास मद्य दिलें गेलें, तर जबाबदार कोण? ज्याचें नांव तो जागेवर नसतो व जो जागेवर तो कागदावर नसतो.

परदेशींही हा वाद झाला आहे. विलायतेंत वेस्टमोरलंड परगण्यांतील एका आडरानीच्या खाणावळीचा परवाना पुनः देण्याचें न्यायाधीशांनीं नाकारलें. ती जागा पोलिसांच्या देखरेखीपासून दूर आहे व आसपासच्या वस्तीस तिची गरज नाहीं, हीं कारणें दिलीं गेलीं. १८९१ सालीं शार्प विरुद्ध वेकफील्ड या प्रकरणांत उमरावांच्या सभेनें तो अधिकार मान्य केला: नूतनीकरण करतांनाही विचार प्रथम परवाना देतांना करावयाचा तितकाच मोकळा असतो. यावर मद्यव्यापाऱ्यांनीं गवगवा केला, आणि १९०४ च्या कायद्यानें गरज नसल्यामुळें बंद होणाऱ्या परवान्यांस नुकसानभरपाई देण्याची तरतूद झाली. मक्ता हळूहळू वतनाकडे कसा सरकतो याचें हें बोलकें उदाहरण होय. अमात्यांची भीति विलायतेंतही खरी ठरली.

भोर-वेल्ह्यास हा विचार आज विशेष लागू आहे. पुणें-सातारा महामार्ग भोर तालुक्यांतून जातो. कापूरव्होळाहून भोरकडे व नसरापूराहून वेल्ह्याकडे फांटे फुटतात. राजगड, तोरणा व पानशेत यांच्या ओढीनें शहरांतील मंडळी या रस्त्यांनीं येतात. ज्या वेल्हें तालुक्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय २०२४ सालीं मंत्रिमंडळानें घेतला त्या नांवाची आठवण बाळगणाऱ्या मुलखांत कोणी काय विकावें हा प्रश्न गांवकऱ्यांस उदासीन ठेवणारा नाहीं. १५ डिसेंबर २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आंत मद्यविक्रीस मनाई केली. पुढें ३१ मार्च २०१७ रोजीं २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या स्थानिक संस्थांच्या हद्दींत हें अंतर २२० मीटरांवर आलें. परवाना हातीं असणें म्हणजे कायमचा हक्क असणें नव्हे, हा धडा तेव्हां सर्वांस मिळाला. शिवाय महाराष्ट्र सरकारच्या २००८ च्या आदेशानें गांवास वा प्रभागास मतदानानें विक्री बंद करवितां येते. एकूण मतदारांपैकीं किंवा स्त्री-मतदारांपैकीं २५ टक्क्यांनीं मागणी केली असतां गुप्त मतदान होतें, आणि निम्म्याहून अधिक मतदारांनीं आडव्या बाटलीवर शिक्का मारला म्हणजे दुकान बंद होतें. गोतसभा या रूपानें पुनः बसते, आणि तिच्यांत पूर्वीं ज्यांस बोलावणें नसे त्या स्त्रियाच आतां पुढाकार घेतात.

यावर एक सबळ आक्षेप आहे. ज्यानें कर्ज काढून उपाहारगृह घेतलें, ज्याच्या भरंवशावर आचारी व वाढपी राबतात, त्याच्यावर धनी बदलल्याचें निमित्त करून नव्या चौकशीची टांगती तलवार ठेवणें न्याय्य काय? उत्तर असें कीं, टांगती तलवार नको, पण उघडी तपासणी पाहिजे. खरेदी होण्यापूर्वींच अर्ज व्हावा, चौकशीची मुदत ठरलेली असावी, कारणें लेखी असावींत. नवा धनी कोण, त्याचें पूर्ववर्तन काय, त्याचा पैसा कोठून आला, जागा मंजूर नकाशाप्रमाणें आहे काय, आणि गांवाचें म्हणणें काय, एवढे पांच प्रश्न विचारून निर्णय व्हावा. प्रामाणिक खरेदीदारास यांत भिण्याजोगें कांहीं नाहीं. त्यानें भांडीं, घर व नांवलौकिक विकत घेतला. परवान्याची किंमत मात्र खरेदीखतांत धरूं नये, कारण जें विकणाराचें नव्हतें तें त्यास विकत मिळूं शकत नाहीं. निर्णय जलद व उघड असला तर गुप्त मुतालिकीचें कारणही उरत नाहीं. लांबलेली चौकशी हीच आडवाटेची जननी होय.

कागदांच्या संग्राहकांस शेवटीं एक विनंति आहे. जुन्या घराण्यांच्या रुमालांतून सनदा व महजर आपण जपतों, त्याचप्रमाणें संस्थानी अमलांतील अबकारीचे परवाने, कबुलायती, जामीनकतबे, आणि विलीनीकरणानंतरचे नूतनीकरणाचे शेरे असलेले परवाने व नोकरनामेही जपावे. रद्दीवाल्याच्या तराजूंत जाणारे हे कागदच उद्यां सांगतील कीं, या मावळांत राज्यानें दिलेला हक्क कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेला, जातांना कोणीं विचारपूस केली, आणि कोणाच्या वेळीं ती करावयाची राहून गेली.